बाहेरचा केटरर चालणार नाही: कन्सोल आणि पीसीचं भांडण नेमकं कशावरून?

२०१० साली अमेरिकेच्या हवाई दलाने एक सुपरकॉम्प्युटर उभा केला. ‘काँडोर क्लस्टर’ त्याचं नाव. त्याच्या पोटात होते १,७६० प्लेस्टेशन थ्री. आपल्याकडे मॉलमध्ये काचेच्या कपाटात मांडलेले असायचे, तेच. हवाई दलातल्या शास्त्रज्ञांना त्यावर फुटबॉल खेळायचा नव्हता. तेवढी आकडेमोड करणारे प्रोसेसर दुसरीकडून घेतले असते तर खर्च कैक पटींनी वाढला असता, म्हणून त्यांनी खेळायची यंत्रं उचलली आणि एकमेकांना जोडली.

ग्राफिक्स कोणाचे भारी, माऊस बरा की कंट्रोलर, यावर पोरं तासन् तास वाद घालतात. मला विचाराल तर कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, आणि पीसी यांचं भांडण समजून घ्यायला त्याआधी एकच प्रश्न विचारायला हवा. ते यंत्र एवढं स्वस्त होतं कसं?

कार्यालयाचं भाडं आणि रॉयल्टी

लग्नासाठी हॉल बघायला गेलेल्या माणसाला याचं उत्तर लगेच कळेल. एका कार्यालयाचं भाडं आश्चर्य वाटावं इतकं कमी असतं. आपण खूश होतो. मग मॅनेजर हळूच सांगतो, ‘केटरर मात्र आमचाच. बाहेरचा आणायचा असेल तर रॉयल्टी भरावी लागेल.’ हॉलवर त्याने फार काही कमावलेलं नसतं. कमाई ताटामागे असते, आणि पानं पाचशे उठणार हे त्याला ठाऊक असतं.

कन्सोलचा धंदा असाच चालतो, आणि गंमत म्हणजे तिथेही त्या पैशाला रॉयल्टीच म्हणतात. तुम्ही प्लेस्टेशनवर किंवा एक्सबॉक्सवर गेम विकत घेता तेव्हा त्यातला साधारण ३० टक्के वाटा सोनीला किंवा मायक्रोसॉफ्टला जातो, गेम बनवलेला कोणीही असो. त्या भरवशावर यंत्र लागत किमतीला, कधी कधी तोट्यातही विकता येतं. २००६ मध्ये प्लेस्टेशन थ्रीचं मोठं मॉडेल ५९९ डॉलरना बाजारात आलं तेव्हा लोक महाग म्हणून ओरडले. प्रत्यक्षात ते बनवायला ८०० डॉलरच्या वर खर्च येतो असा त्यावेळच्या विश्लेषकांचा अंदाज होता. २०२१ मध्ये एपिक ही गेम कंपनी आणि ॲपल यांच्यातल्या खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या एका अधिकारी बाईंनी साक्षीत सांगून टाकलं की एक्सबॉक्सच्या यंत्रावर कंपनीने कधीच नफा कमावलेला नाही. सोनीचं गणित जरा बरं असतं. प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२० मध्ये आला आणि ऑगस्ट २०२१ पर्यंत त्याच्या डिस्कवाल्या मॉडेलवरचा तोटा थांबला होता.

आता हवाई दलाकडे परत जा. त्यांनी हॉल घेतला, पण एकही पान वाढून घेतलं नाही. असं गिऱ्हाईक कन्सोल कंपनीला परवडत नाही. प्लेस्टेशन थ्रीवर सुरुवातीला लिनक्स टाकायची सोय होती, तिच्यामुळेच हे क्लस्टर शक्य झालं. एप्रिल २०१० मध्ये सोनीने एका अपडेटमधून ती सोय काढून टाकली. कारण सुरक्षेचं दिलं. चिडलेल्या ग्राहकांनी अमेरिकेत दावा लावला आणि प्रकरण पुढे तडजोडीपर्यंत गेलं. सुरक्षेचं कारण खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण स्वस्त यंत्र आणि मोकळं यंत्र एकाच किमतीत मिळू शकत नाही, हे या प्रकरणात जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे कुठे दिसत नाही.

दाराला कुलूप कोणी लावलं?

बाहेरच्याचा गेम परवानगीशिवाय चालू न देणारं हे कुलूप पहिल्यापासून नव्हतं. १९७७ मध्ये अटारीने त्यांचा प्रसिद्ध कन्सोल काढला, पुढे ‘अटारी २६००’ म्हणून ओळखला गेला तो. त्यासाठी गेम बनवणारे प्रोग्रामर पगारी नोकर. त्यांचा गेम लाखोंनी खपला तरी डब्यावर नाव नाही आणि कमाईत वाटा नाही. चार जण वैतागून बाहेर पडले आणि १९७९ मध्ये त्यांनी ॲक्टिव्हिजन काढली. हे अटारीचेच जुने लोक, आता अटारीच्याच यंत्रासाठी बाहेर बसून गेम विकू लागले. अटारीने कोर्टात खेचलं, पण १९८२ मध्ये तडजोड झाली आणि बाहेरच्यांना दार उघडं झालं.

मग जो उठेल तो गेम काढू लागला. रद्दड गेमचा ढीग दुकानांत साचला, लोकांचा विश्वास उडाला आणि १९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. न खपलेला माल अटारीने न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाजवळ कचरा डेपोत पुरला. कित्येक वर्षं ही दंतकथाच मानली जायची, पण २०१४ मध्ये उकरून पाहिलं तर कॅसेट खरंच निघाल्या.

निन्टेन्डोने यातून धडा घेतला. १९८५ मध्ये अमेरिकेत आणलेल्या यंत्रात त्यांनी कुलपाची चिप बसवली. कॅसेटमध्ये तिची जोडीदार चिप नसेल तर गेम चालूच व्हायचा नाही. कॅसेट बनवणार निन्टेन्डो, पैसे आधी घेणार निन्टेन्डो, आणि एका कंपनीने वर्षाला पाचच गेम काढायचे, हा नियमही निन्टेन्डोचाच. आज प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स ज्या पद्धतीने चालतात तिचा साचा तिथे तयार झाला.

इथे आपल्या पिढीसाठी एक मजेशीर गोष्ट आहे. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या गल्लीगल्लीत जो ‘टीव्ही गेम’ आला, ज्यात मारिओ, काँट्रा आणि ‘९९९९ इन १’ लिहिलेली पिवळी कॅसेट असायची, तो निन्टेन्डोच्या जपानी यंत्राची, म्हणजे फॅमिकॉमची नक्कल होता. ते जपानी यंत्र १९८३ चं. त्यात ती कुलपाची चिप नव्हतीच. म्हणून कोणतीही कॅसेट चालायची, फुंकर मारून घातली की झालं. अमेरिकेला निन्टेन्डो कळला तो कुलपासकट. आपल्याला कळला तो बिनकुलपाचा, आणि त्या नकलांमधून निन्टेन्डोला दमडीही मिळाली नाही. पुढे प्लेस्टेशन टू आला तोही बहुतेक ठिकाणी ‘चिप मारलेला’, फुटपाथवरच्या डिस्क चालवणारा. कन्सोल महाग, त्याचे गेम महाग, हे आपल्याला जड जातं त्याचं एक मूळ इथेही असावं.

पीसीचा मालक कोण?

पीसीला मालक नाही, हेच त्याचं वैशिष्ट्य. १९८१ मध्ये आयबीएमने घाईघाईत बाजारात मिळणारे सुटे भाग जोडून संगणक बनवला. इतरांना त्याची नक्कल करणं सोपं गेलं आणि काही वर्षांत यंत्र आयबीएमच्या हातातून निसटलं. तेव्हापासून प्रोसेसर एकाचा, ग्राफिक्स कार्ड दुसऱ्याचं, कॅबिनेट तिसऱ्याचं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ज्याने स्वतः फिरून पीसी असेंबल केला आहे त्याला हे सांगायला नको. एका दुकानात रॅम स्वस्त, समोरच्या दुकानात एसएमपीएस, आणि संध्याकाळी घरी आल्यावर कळतं की एक केबल राहिली.

सुटा भाग विकणाऱ्या प्रत्येकाला नफा त्या भागावरच काढावा लागतो, कारण तुम्ही नंतर गेम घ्याल की टॅली चालवाल याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून पीसी सुरुवातीला महाग पडतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ भारतात ४९,९९० रुपयांना आला, तेव्हा क्रिप्टो चलन काढायला लोक ग्राफिक्स कार्डं उचलत होते आणि कार्डांचा असा दुष्काळ होता की त्याच्या तोडीचं नुसतं ग्राफिक्स कार्ड त्या पैशांत मिळणं मुश्कील होतं.

पण पीसीच्या दाराशी पावती फाडणारा कोणीच नाही, असं समजू नका. २००३ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने स्टीम सुरू केलं. २००४ चा ‘हाफ-लाइफ २’ खेळायचा तर स्टीम टाकणं सक्तीचं होतं आणि लोकांनी त्यावर भरपूर शिव्या घातल्या. आज तेच स्टीम पीसीवरचं सगळ्यात मोठं दुकान आहे, आणि वाटा किती? तिथेही ३० टक्के. खूप खपलेल्या गेमसाठी तो २५ आणि मग २० टक्क्यांवर उतरतो. २०१८ मध्ये एपिकने १२ टक्क्यांवर दुसरं दुकान थाटलं, फुकट गेम वाटले, तरी गिऱ्हाईक स्टीमकडून फारसं हललं नाही. फरक एवढाच की इथे केटररची सक्ती नाही. तो लोकांनीच डोक्यावर घेतलेला आहे, आणि उद्या दुसरा आणायचा म्हटलं तर हॉलवाला अडवू शकत नाही.

शिंपी आणि माप

आता तांत्रिक भाग, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. ‘जीटीए ५’ हा गेम सप्टेंबर २०१३ मध्ये प्लेस्टेशन थ्रीवर आला. त्या यंत्रात मेमरी होती २५६ एमबी, आणि ग्राफिक्ससाठी आणखी २५६. एवढ्या जागेत अख्खं शहर, समुद्र, डोंगर आणि रहदारी बसवली. तेवढ्या मेमरीचा पीसी त्या वर्षी घरच्यांनी भंगारात दिला असता.

हे जमतं कारण कन्सोलच्या गावात सगळी माणसं एकाच मापाची. शिंपी रात्रीच कपडे शिवून ठेवतो आणि सकाळी वाटतो. पीसीच्या गावात प्रत्येकाचं माप वेगळं. कोणाकडे नवं कार्ड, कोणाकडे सात वर्षांपूर्वीचं, कोणाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, जुना. शिंप्याला कापड घेऊन प्रत्येकाच्या दारात जावं लागतं.

यातली सगळ्यात त्रासदायक गोष्ट म्हणजे शेडर. ओल्या रस्त्यावर दिव्याचा उजेड कसा पडावा, कातडी आणि लोखंड वेगळं कसं दिसावं, हे ग्राफिक्स कार्डाला सांगणारे छोटे छोटे प्रोग्राम म्हणजे शेडर. एका मोठ्या गेममध्ये ते हजारोंनी असतात. कार्डाला कळणाऱ्या भाषेत त्यांचं भाषांतर करावं लागतं. कन्सोलवर कार्ड एकच, म्हणून भाषांतर तयार करून गेमसोबतच पाठवतात. पीसीवर ते तुमच्या घरी, तुमच्या कार्डासाठी होतं. म्हणून पहिल्यांदा गेम उघडला की ‘शेडर कंपाइल होत आहेत’ अशी पट्टी सरकत राहते आणि तेवढ्यात चहा होतो. ज्या गेममध्ये हे काम आधी उरकलेलं नसतं, तिथे खेळता खेळता नवा शत्रू समोर आला, नवा स्फोट झाला, की चित्र क्षणभर अडकतं. माणूस म्हणतो, माझं कार्ड कमी पडतंय. भाषांतर करत असतो प्रोसेसर, कार्ड बिचारं ते संपायची वाट बघत बसलेलं असतं. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट १’ मार्च २०२३ मध्ये पीसीवर आला तेव्हा याच पट्टीवरून आणि एकूण अडखळण्यावरून गदारोळ झाला, दुरुस्तीचे पॅच येत राहिले.

उलटही होतं. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ चांगल्या पीसीवर बरा चालत होता, पण प्लेस्टेशन ४ वर इतका वाईट की सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत द्यायची तयारी दाखवली. माप एकच असलं तरी शिंप्याने कापडच जास्त कापलं, तर काय करणार?

वेगाचं गणित त्यामानाने सोपं आहे. सेकंदाला ३० चित्रं म्हणजे एका चित्राला साधारण ३३ मिलिसेकंद, ६० म्हणजे साडेसोळाच्या आसपास. कन्सोलवर गेम बनवणारा ठरवतो की देखणेपणा हवा की वेग, किंवा फार तर दोन पर्याय देतो. पीसीवर तुम्ही सेटिंग कमी करून १४४ गाठू शकता, मॉनिटर तसा असेल तर. हौस असेल त्याने यात जरूर रमावं. काहींचा गेमपेक्षा जास्त वेळ सेटिंगमध्येच जातो, मीही त्यातलाच.

नेमबाजीच्या गेममध्ये मात्र माऊसच वरचढ, यात वाद नाही. कंट्रोलरवाल्यांना म्हणून ‘एम असिस्ट’ची मदत देतात, म्हणजे नेम शत्रूच्या जवळ गेला की यंत्र हलकेच सावरतं. दोघांना एकाच सामन्यात सोडलं की माऊसवाले म्हणतात यंत्र त्यांच्या बाजूने, कंट्रोलरवाले म्हणतात माऊस आमच्या जिवावर. ‘व्हॅलोरंट’ २०२४ मध्ये कन्सोलवर आला तेव्हा त्यांनी पीसीवाल्यांना आणि कन्सोलवाल्यांना एकत्र खेळूच दिलं नाही. शहाणपण केलं.

अभ्यासासाठी हवाय

आपल्याकडे पीसीच्या बाजूने आणखी एक मोठी गोष्ट होती जी कुठल्याही तुलनेच्या तक्त्यात दिसत नाही. पीसी अभ्यासासाठी घेता यायचा. एमएस-सीआयटी, मग प्रोजेक्ट, मग इंजिनिअरिंग, कारण कायम तयार. वडिलांनी हप्त्यावर घेतलेल्या त्या मशीनवर ‘रोड रॅश’ आणि ‘एज ऑफ एम्पायर्स’ किती खेळलो याचा हिशेब कोणी मागितला नाही. कन्सोलला असं सोंग घेता येत नाही. तो घरात आला की कशासाठी आला हे आजीलाही कळतं.

ज्यांच्या घरी पीसीही नव्हता त्यांच्यासाठी सायबर कॅफे होते. तासाला पंधरा-वीस रुपये, आठ-दहा जण एका जोडणीवर, आणि ‘काउंटर-स्ट्राइक’. हा गेम मुळात कोणा कंपनीचा नव्हता. ‘हाफ-लाइफ’ या गेमची मोडतोड करून हौशी पोरांनी १९९९ मध्ये तो बनवला. याला ‘मॉड’ म्हणतात आणि पीसीची खरी श्रीमंती मला तरी यातच वाटते. ‘डोटा’ हा ‘वॉरक्राफ्ट ३’ चा मॉड. ‘आर्मा’ या लष्करी गेमवर ब्रेंडन ग्रीन नावाच्या माणसाने मॉड केला, त्यातून २०१७ मध्ये ‘पबजी’ झाला, तिथून मोबाइलवर, आणि २०२१ मध्ये भारतात ‘बीजीएमआय’. एसटी स्टँडवर मान खाली घालून बसलेली चार पोरं जे खेळतात, त्याचा पणजोबा पीसीवरचा एक हौशी मॉड आहे. कुलूपबंद यंत्रावर तो जन्माला येणं फार कठीण होतं.

पैशाचा हिशेब मात्र सरळसोट नाही. कन्सोलचा मोठा नवा गेम पाच हजार रुपयांच्या आसपास जातो, आणि पैसे देऊन घेतलेला गेम ऑनलाइन खेळायचा तर वर वर्गणी. पीसीवर ऑनलाइन खेळायला तशी वर्गणी नाही, आणि स्टीमच्या सेलमध्ये जुने गेम वडापावच्या हिशेबात मोजता येतील अशा किमतीला मिळतात. पण डिस्कवाल्या कन्सोलचा एक पत्ता लोक विसरतात. खेळून झालं की डिस्क विकता येते. महिन्याभरात गेम संपवून डिस्क पुढे खपवणारा माणूस पीसीवाल्यापेक्षा स्वस्तात खेळतो. बिनडिस्कचं मॉडेल घेताना वाचलेले काही हजार रुपये इथे हळूहळू परत जातात. स्टीमवरचा गेम तर कोणाला विकताच येत नाही.

कुंपण झिजत चाललंय

२०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन आले ते दोन्ही एएमडीच्या चिपवर, पीसीच्याच घराण्यातल्या. तेव्हापासून आतून पाहिलं तर कन्सोल म्हणजे सीलबंद केलेला पीसी. त्यामुळे एका जागचा गेम दुसरीकडे नेणं सोपं झालं, आणि गेम बनवण्याचा खर्च इतका वाढला की एकाच यंत्रापुरता तो अडकवून ठेवणं जड जाऊ लागलं. ऑगस्ट २०२० मध्ये सोनीने ‘होरायझन झिरो डॉन’ पीसीवर सोडला, पाठोपाठ ‘गॉड ऑफ वॉर’ आणि ‘स्पायडर-मॅन’. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ ऑगस्ट २०२० मध्ये आधी निन्टेन्डो स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये पीसीसह बाकी सगळीकडे. छोट्या स्टुडिओला एकाच दारात बसून भागत नाही.

‘हेलो’ या गेमची कुंडली यासाठी बघण्यासारखी आहे. १९९९ मध्ये स्टीव्ह जॉब्जने तो मॅकच्या मंचावर दाखवला. २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी कंपनीच विकत घेतली आणि २००१ मध्ये ‘हेलो’साठी म्हणून लोकांनी एक्सबॉक्स घेतला. ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालं की ‘हेलो’ आता प्लेस्टेशन ५ वर येतोय. ज्याच्यासाठी हॉल बांधला तो आचारीच शेजारच्या कार्यालयात जेवण वाढणार.

दुसऱ्या बाजूने व्हॉल्व्ह पीसीला कन्सोलचं रूप देत आहे. २०२२ चा स्टीम डेक हातात धरायचा पीसी, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी टीव्हीखाली ठेवायची ‘स्टीम मशीन’ जाहीर केली. पहिला प्रश्न अर्थातच किमतीचा आला. व्हॉल्व्हने सांगितलं की किंमत त्या ताकदीच्या पीसीइतकीच असेल, तोटा सोसून विकणार नाही. हे यंत्र मोकळं आहे, त्यावर काहीही टाकता येतं. स्वस्तात विकलं तर कुठलंही ऑफिस शंभर नग उचलून एक्सेल चालवत बसेल. हवाई दलाचाच किस्सा पुन्हा.

राहिला ‘जीटीए’. पाचवा भाग २०१३ मध्ये प्लेस्टेशन थ्री आणि एक्सबॉक्स ३६० वर आला, २०१४ मध्ये त्यापुढच्या कन्सोलवर, आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. माझ्या एका मित्राने तो दोनदा विकत घेतला, एकदा जुन्या यंत्रावर, एकदा नव्या. मी दीड वर्ष थांबून एकदाच घेतला, आणि त्या दीड वर्षात त्याच्या घरी जाऊन निम्मा खेळून झाला होता. सहावा भाग जाहीर झालाय तो फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी. मित्राला फोन करून झालाय.